बेसूर कोण? : गाण्याच्या पहिल्या वर्षाविषयीं

पोहतां न येणाऱ्या मुलास "तुझ्या नशिबीं पाणी नाहीं" असें कोणी म्हणत नाहीं. त्यास विहिरीवर नेतात, कमरेला भोपळा बांधतात, आणि एकदोन उन्हाळ्यांत तें पोहूं लागतें. अक्षर वाईट असलें तर त्यास कित्ता गिरवावयास बसवितात. पाढे चुकूं लागले तर परवचा दुप्पट होते. परंतु तेंच मूल आरतीच्या वेळीं सुराबाहेर गेलें, कीं घरांतील एखादें वडील माणूस हंसून म्हणतें, "तुला गळा नाहीं रे बाबा, तूं आपल्या टाळ्याच वाजव!" बोलणारा हें वाक्य दुसऱ्या क्षणीं विसरतो. ऐकणारें मूल विसरत नाहीं. त्या दिवसापासून आरतींत तें नुसते ओठ हालवितें. पुढें तो मुलगा बाप होतो, आजोबा होतो, आणि नातवंडानें "आजोबा, एक गाणें म्हणा ना" असा हट्ट धरला, कीं साठ वर्षांपूर्वीं कानीं पडलेलें तेंच वाक्य स्वतःविषयीं म्हणून दाखवितो.

विनोदांत दिलेला हा निकाल जन्मठेपेसारखा चालूं राहतो. आणि दहांतून निदान नऊ वेळां तो चुकीचा असतो. गायनाच्या प्रारंभीं सूर आणि लय हीं मुलांच्या अंगीं कशीं बाणवावीं, व तें काम गवयाच्या घरीं जाण्यापूर्वींच आपल्या घरीं कसें करतां येईल, याचा थोडासा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

आमच्या घरांतून गाणें एके काळीं सर्वांचें होतें. पहाटे जात्यावर बसलेल्या सुनेस "तुला गळा आहे काय?" असें कोणत्याही सासूनें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं, दळण आलें म्हणजे ओवी आलीच. मात्र शास्त्रोक्त गायन हें घरंदाज मुलांचें काम नव्हे, अशी समजूत त्याच काळीं दृढ होती. ती समजूत मोडण्याचें श्रेय ज्या थोड्या पुरुषांस आहे, त्यांत विष्णु दिगंबर पलुसकर व विष्णु नारायण भातखंडे हे अग्रगण्य होत. पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय उघडलें. १९०८ सालीं त्याची शाखा मुंबईस आली. भातखंड्यांनीं घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून, त्यांस स्वरलिपींत बसवून, 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या रूपानें त्या सामान्य विद्यार्थ्याच्या हातीं दिल्या. पुण्यास १९११ सालीं भास्करबुवा बखले यांनीं स्थापिलेला गायनसमाज याच परंपरेंतील. या मंडळींच्या श्रमामुळें मध्यम वर्गाच्या मुलामुलींस गायनाचा दरवाजा उघडला. परंतु जो उपजतच सुरांत आहे, त्यालाच शिकवावयाचें, ही घरांतील दुसरी समजूत मात्र अद्याप जशीच्या तशी आहे.

गळा कीं कान?

मूल बेसूर गातें तेव्हां दोष तीन ठिकाणीं असूं शकतो. एक, कानास दोन स्वरांतील भेदच कळत नसेल. दुसरें, कानास भेद कळतो, पण गळा हुकूम पाळीत नसेल. तिसरें, कान व गळा दोन्ही ठीक असून ज्या पट्टींत त्यास गावयास लाविलें, ती पट्टीच त्याची नसेल.

यांपैकीं पहिला दोष खरोखर जन्मजात असूं शकतो. अशा माणसांचें प्रमाण शंभरांत चार असावें असें पूर्वीं समजत. अलीकडच्या अधिक काटेकोर पाहणींत तें शेंकडा दीडच्या आसपास निघालें आहे. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेंत अशीं एक-दोन मुलें. मग उरलेल्या बेसुरांचें काय? कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथील शॉन हचिन्स व इझाबेल पेरेट्झ या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत उद्बोधक आहे. त्यांनीं गायन न शिकलेल्या माणसांस एक स्वर ऐकविला, व तोच स्वर प्रथम एका सरकत्या पट्टीच्या यंत्रावर आणि मग स्वतःच्या गळ्यानें काढावयास सांगितला. यंत्रावर बहुतेकांस तो साधला. गळ्यानें काढतांना मात्र पुष्कळजण चुकले. कान जागा होता, गळ्याला सराव नव्हता. ज्याला आपण "कान नाहीं" म्हणतों, त्याला बहुधा कान असतो. त्याला वाट दाखविणारा कोणी नसतो, इतकेंच.

मुलाच्या कानाची परीक्षा घरींही घेतां येते. पेटीवर दोन स्वर वाजवून "दोन्ही एकच, कीं निराळे?" असें विचारावें. किंवा त्याच्या नेहमींच्या ओळखीचें गाणें म्हणत असतां मध्येंच एक स्वर मुद्दाम चुकीचा लावावा. मूल चटकन् मान वर करून पाहील, किंवा हंसेल. ज्यानें मान वर केली, त्याचा कान उत्तम आहे असें खुशाल समजावें.

येथें भाषेचा एक घोटाळा ध्यानांत ठेविला पाहिजे. आपण व्यवहारांत "आवाज चढविला" म्हणतों तेव्हां तो मोठा केला असा अर्थ असतो. गाण्यांत "सूर चढा" म्हणजे उंच. "बारीक आवाज" म्हणजे कधीं हळू, कधीं उंच. पांच-सहा वर्षांच्या मुलास "जरा वर घे" म्हटलें, कीं तें बिचारें ओरडूं लागतें, आणि वडील म्हणतात, "पाहा, याला समजतच नाहीं!" समजत नाहीं तें शब्दामुळें. म्हणून आरंभीं शब्द सोडून हात वापरावा. सूर उंच जातांना हात पायरीपायरीनें वर न्यावा, उतरतांना खालीं आणावा. जिन्याच्या पायऱ्यांवर मुलास उभें करून एकेका पायरीस एकेक स्वर दिला तर त्याहूनही बरें. आवाज लहान ठेवूनही सूर उंच असूं शकतो, हें मुलाच्या लक्षांत एकदां आलें, म्हणजे अर्धें काम झालें.

षड्ज कोणाचा?

आमच्या घरांतून होणारी सर्वांत मोठी चूक षड्जाची आहे. वडील पुरुष पेटीवर बसतात. त्यांचा स्वतःचा षड्ज बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या दरम्यान असतो. त्या पट्टींत ते "सा" लावितात व मुलास म्हणतात, "म्हण." आतां त्या मुलानें काय करावें? वडिलांचा खर्जांतला आवाज त्याच्या गळ्यांत मुळींच नाहीं. एक सप्तक वर जाऊन तोच स्वर घ्यावयाचा असतो, ही गोष्ट त्यास कोणी सांगितलेली नसते. तें हनुवटी छातीस लावून घोगरा आवाज काढूं पाहतें, तो भलतीकडे जातो, आणि निकाल लागतो. लहान मुलांस पुरुषाच्या आवाजापेक्षां स्त्रीच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशीं सूर जुळविणें सोपें जातें. तेव्हां ज्या घरांत आई, आत्या किंवा थोरली बहीण आहे, तेथें पहिला षड्ज तिनें द्यावा; वडिलांनीं पेटीचा भाता सांभाळावा.

याहूनही महत्त्वाची युक्ति अशी, कीं पहिल्या दिवशीं मुलानें शिक्षकाच्या सुरास येऊं नये. शिक्षकानें मुलाच्या सुरास जावें. मुलास सांगावें, "तुला वाटेल तो एक सूर लांबव." तें जो काढील तो पेटीवर शोधावा, आणि आपण त्याच सुरांत त्याच्याबरोबर "आ" लावावा. दोन आवाज एक झाले म्हणजे कसें वाटतें, याचा अनुभव मुलाला त्या क्षणीं आयुष्यांत पहिल्यांदा येतो. त्याचा चेहरा पाहिला म्हणजे तो अनुभव त्यास आला कीं नाहीं, हें सांगावें लागत नाहीं. असें चारपांच दिवस झाल्यावर शिक्षकानें आपला सूर एक पायरी वर न्यावा व मुलास बरोबर बोलवावें. मग एक पायरी खालीं. जुळणें म्हणजे काय, हें ज्याला आंतून कळलें, तो न जुळलेला सूर स्वतःच ओळखूं लागतो. ज्याला तें कळलेंच नाहीं, त्यास "चूक, चूक" म्हणून शंभरदां सांगितलें तरी कशाशीं तुलना करावयाची हेंच त्यास ठाऊक नसतें.

मुलाचा षड्ज ठरवितांना त्याचा सर्वांत खालचा सूर शोधून, त्याच्या दोन-तीन स्वर वर "सा" धरावा. असा षड्ज घेतला म्हणजे पंचमापर्यंत जातांना मानेच्या शिरा ताणत नाहींत व मंद्र निषादाकडे उतरतांना आवाज घुसमटत नाहीं. थोरल्या भावाची पट्टी धाकट्यास लावूं नये. मुलग्यांचा आवाज साधारणतः बारा ते पंधरा या वयांत फुटतो व जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. त्या एक-दोन वर्षांत कालपर्यंत सुरेल गाणारा मुलगा एकाएकीं बेसूर झाला असें वाटतें. तो बेसूर झालेला नसतो, त्याचें वाद्यच बदललेलें असतें. या काळांत तार सप्तक सोडून द्यावें, मधल्या चारपांच स्वरांत हळू आवाजांत सराव चालूं ठेवावा, आणि मुख्य म्हणजे त्याच्या चिरकण्यास कोणी हंसूं नये.

तंबोरा, पेटी आणि मोबाइल

सूर धरावयाचा तो कशाच्या आधारानें? आमचे जुने उस्ताद व बुवा याचें एकच उत्तर देत असत : तंबोरा. त्याची पहिली तार मंद्र पंचमांत, मधल्या जोडीच्या दोन तारा षड्जांत, व चौथी खर्जांत मिळवितात. जवारी नीट लागली असली म्हणजे खर्जाच्या तारेंतून गांधारही ऐकूं येतो, जरी ती तार त्या स्वरांत कोणी मिळविलेली नसते. अशा नादाच्या सावलींत बसून गाणारें मूल नकळत शुद्ध अंतरें ऐकत असतें. चांगला तंबोरा म्हटलें कीं मिरजेचें नांव निघतें. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

परंतु तंबोरा घरोघर नाहीं, पेटी मात्र पुष्कळ घरांत असते. पेटीविरुद्ध तक्रार जुनी आहे. तिच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळें तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्याच्या गांधाराहून चढा लागतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारें चौदा भागांनीं. या व अशा कारणांवरून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या कार्यक्रमांतून काढून टाकिलें, व परत यावयास तिला सुमारें तीस वर्षें लागलीं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढें मात्र हा चौदा भागांचा प्रश्न नसतो. तो एखादे वेळीं चारशें भागांनींही चुकत असतो. त्याच्या बाबतींत पेटीचा खरा धोका निराळाच आहे. पेटी प्रत्येक स्वर तयार देते, मूल तिच्या मागून आवाज ओढीत नेतें, आणि स्वतःचा आवाज ऐकण्याची संवय त्यास लागतच नाहीं. पेटी थांबली कीं गाणें ढासळतें. म्हणून पेटीवर षड्ज-पंचम धरून ठेवावे. बाकीचे स्वर मुलानें गळ्यानें शोधावे, व शेवटीं बरोबर उतरला कीं नाहीं हें पाहण्यापुरतें बोट पट्टीवर ठेवावें. गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं पाहतात, तसें.

आतां तर मोबाइलमध्येंच तंबोरा वाजतो. त्यास नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. तो सुरांतून उतरत नाहीं, व मुलाच्या पट्टींत क्षणांत येतो. दोन पथ्यें पाळावीं. त्याचा आवाज लहान ठेवावा, नाहीं तर मुलास स्वतःचें गाणें ऐकूं येणार नाहीं. आणि यंत्राच्या इवल्याशा तोंडांतून खर्ज नीट निघत नाहीं, म्हणून जमल्यास तो मोठ्या ध्वनिक्षेपकास जोडावा. मोबाइलचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. आठवड्यांतून एकदां मुलाची एकच ओळ मुद्रित करून ठेवावी. आपला आवाज बाहेरून ऐकला म्हणजे कोठें घसरलों हें मुलास स्वतःस कळतें. आणि तीन महिन्यांनीं पहिली व शेवटची ओळ शेजारीं शेजारीं ऐकविली, तर शाबासकीचे दहा शब्द वांचतात.

पहिले तीन महिने

आठवड्यांतून एकदां तासभर शिकविण्यापेक्षां रोज दोनदां दहा दहा मिनिटें बसणें अधिक फलदायी असतें. वेळ ठरलेली असावी. सायंकाळीं दिवा लागल्यावर शुभंकरोति झालें, कीं लगेच, ही वेळ उत्तम.

पहिल्या महिन्यांत फक्त षड्ज. प्रथम ओठ मिटून "म्"कार, मग तोंड उघडून "आ"कार. मांडी घालून, पाठ ताठ, पण खांदे सैल. एका श्वासांत सूर जितका स्थिर राहील तितकाच लांबवावा. शेवटीं श्वास संपत आला कीं सूर खालीं घसरतो, व तेथेंच थांबावयास शिकवावें. घसरलेला सूर ओढीत राहिल्यानें घसरण्याचीच संवय होते. ज्यास स्वतःचा आवाज नीट ऐकूं येत नसेल, त्यानें एका कानावर हात ठेवावा. मोठमोठे गवई व कीर्तनकार हेंच करतात, तो कांहीं निवळ अभिनय नव्हे.

दुसऱ्या महिन्यांत षड्ज-पंचम, व नंतर "सा रे सा", "सा रे ग रे सा", "सा रे ग प ग रे सा". वाचकांच्या लक्षांत आलें असेल, कीं येथें मध्यम गाळला आहे. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं पहिला राग भूप शिकवितात, त्यांत मोठें शहाणपण आहे. सा, रे, ग, प, ध या पांच स्वरांत लागोपाठच्या कोणत्याही दोन स्वरांमधलें अंतर एका पूर्ण स्वराहून कमी नाहीं. ग-म किंवा नि-सा यांच्यासारखी अरुंद पायरी मध्यें नसल्यामुळें नवख्या गळ्याचा पाय घसरत नाहीं. भूप स्थिर झाल्यावर, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, मध्यम व निषाद आणावे. कोमल-तीव्राचा विचार त्याच्याही पुढें.

चूक सांगण्याची रीत या सर्वांत महत्त्वाची. "चुकलें" या शब्दांत माहिती कांहींच नाहीं, केवळ शिक्षा आहे. "किंचित् खालीं राहिला, एवढासा वर ये" असें म्हणून हातानें दिशा दाखवावी. मूल वर येऊं लागलें, कीं शिक्षकानें आपला सूर स्थिर धरून वाट पाहावी. दोन सूर एकमेकांजवळ आले म्हणजे आवाजांत कंप जाणवूं लागतो, आणि मिळाले म्हणजे तो नाहींसा होतो. तो कंप ऐकावयास मुलास शिकवावें. त्यानंतर परीक्षक बाहेरचा राहत नाहीं, मुलाच्या कानांतच बसतो.

ताल पायांत असतो

सूर हा कानाचा विषय, तर लय ही सर्वांगाची. बुडापेस्ट येथें झालेल्या व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत झोपलेल्या नवजात अर्भकांस ठेका ऐकवून मधलाच मुख्य ठोका गाळला, तेव्हां त्यांच्या मेंदूनें त्याची नोंद घेतल्याचें दिसून आलें. म्हणजे लयीची अपेक्षा मूल जन्मतःच घेऊन येतें. तिच्या तालावर हात चालणें मात्र हळूहळू, वयाबरोबर येतें. तीन वर्षांच्या मुलाची टाळी ठेक्यावर पडत नाहीं म्हणून त्यास "तालाचें अंग नाहीं" म्हणणें, म्हणजे दांत न आलेल्या मुलास "भाकरी खातां येत नाहीं" म्हणून दोष देणें होय.

प्रथम चालणें, मग टाळी, मग गाणें, हा क्रम ठेवावा. अंगणांत किंवा माजघरांत मुलास आपल्या बरोबर पावलें टाकीत चालवावें, व पावलागणिक "एक, दोन, तीन, चार" म्हणावें. लय मुलाच्या सहज चालीची असावी. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षां जलद असते. विलंबित लयींत दोन मात्रांमधील रिकामी जागा सांभाळणें हें कसलेल्या माणसाचें काम आहे. म्हणून नवख्यास एकदम विलंबित तीनतालांत न बसवितां सहा मात्रांचा दादरा व आठ मात्रांचा केरवा यांपासून आरंभ करावा. फुगडी, झिम्मा, टिपऱ्या, पाळण्याचा झोका, देवघरांतील टाळ हीं सर्व लयीचीं साधनें आमच्या घरांत पूर्वींपासून आहेत. तीं अडगळींत न टाकतां उपयोगांत आणावीं.

पाठांतर हेंही एक असेंच साधन. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तांत आहेत. त्याचा गण लघु-गुरु-गुरु, म्हणजे एक, दोन व दोन मिळून पांच मात्रा; एका चरणांत असे चार गण, म्हणजे वीस मात्रा. हिशेबानें हीं झपतालाचीं दोन आवर्तनें झालीं. रोज श्लोक म्हणणारें मूल पांचांच्या चालीनें चालत असतें, त्यास तें ठाऊक नसतें इतकेंच. त्याच श्लोकावर गणागणाच्या आरंभीं हळूच टाळी द्यावयास लावावें. तसेंच ज्या घरांत सूक्तें म्हणण्याची चाल आहे, तेथें उदात्त, अनुदात्त व स्वरित या तीन पायऱ्यांवर मुलाचा आवाज आपोआप फिरूं लागतो. हें शिक्षण मुलींसही मिळावें.

आरंभीं सूर व ताल एकदम शिकवूं नयेत. एक दिवस ओळ नुसत्या लयींत बोलावी, सुराशिवाय. दुसऱ्या दिवशीं नुसत्या सुरांत गावी, टाळीशिवाय. मग दोन्ही एकत्र करावीं. एका वेळीं एकच ओझें असलें म्हणजे मूल चालतें; दोन एकदम दिलीं म्हणजे दोन्ही टाकून देतें.

पुढें तीनताल घेतां येईल. त्याच्या सोळा मात्रा, चार चार मात्रांचे चार विभाग. टाळी पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेवर, आणि नवव्या मात्रेवर खाली. "धा धिं धिं धा" हे बोल तिसऱ्या विभागांत "धा तिं तिं ता" असे होतात, म्हणजे डग्ग्याचा घुमारा नाहींसा होतो. सम किती दूर आहे, हें गवयास त्यावरूनच समजतें. मुलास बोटांच्या पेरांवर मात्रा मोजावयास शिकवावें व खालीच्या जागीं हात उघडा करावयास लावावें. न वाजणारी मात्रा मोजतां येणें, हीच तालाची खरी ओळख होय. त्यासाठीं एक खेळ सांगतों. सर्वांनीं मिळून ओळ म्हणावी. शिक्षकानें खूण केली कीं सर्वांनीं गप्प होऊन एक आवर्तन मनांत मोजावें, आणि समेवर एकदम गाऊं लागावें. प्रथम दिवशीं प्रत्येकजण निराळ्या क्षणीं येतो व घर हंसण्यानें भरून जातें. आठवड्यानें सगळे एकदम येतात.

लय वाढविणें हा नवख्यांचा हटकून आढळणारा दोष. त्याचें कारण बहुधा ओळीच्या शेवटीं सांपडतें. श्वास घ्यावयाची घाई म्हणून शेवटची मात्रा गिळली जाते, पुढची ओळ लवकर सुरू होते, आणि चार ओळींत गाणें धांवूं लागतें. "हळू म्हण" असें ओरडण्यापेक्षां श्वास कोठें घ्यावयाचा ती मात्रा नेमून द्यावी.

घरांतील वडील मंडळींस

मुलास क्लासांत घातलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ पालकांस वाटतें. क्लास अवश्य असावा. १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत चढत्या क्रमानें आहेत, व त्यांच्यामुळें अभ्यासास शिस्त लागते. परंतु प्रमाणपत्राच्या घाईनें पहिला षड्ज कच्चा राहिला, तर पुढील सर्व माळे त्याच कच्च्या जोत्यावर उभे राहतात. दूरचित्रवाणीवरील स्पर्धा पाहून सात वर्षांच्या मुलीस मोठ्या गायिकेच्या पट्टींत, तिच्या हरकतींसह गावयास लावणें, हा तर गळ्यावरचा अत्याचार होय.

मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एके काळीं पाहावयास येणाऱ्या मंडळींपुढें म्हणण्यापुरतीं दोन पदें मुलीस शिकवीत, आणि लग्नानंतर पेटी माळ्यावर जाई. ती चाल आतां बहुतेक गेली, हें बरेंच झालें. पण माळ्यावरची पेटी खालीं आली काय, हें प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें. साठीच्या आजींस षड्ज लावतां येतो. ज्यांचा केवळ गळा बिनसरावाचा राहिला आहे, त्यांस वयाची अट नाहीं. नातवाबरोबर त्याच दहा मिनिटांत त्याही बसूं शकतात, आणि आजीही चुकते हें पाहून नातवाची भीड चेपते. शेंकडा एक-दोन ज्यांस स्वरभेद खरोखरच कळत नाहीं, त्यांपैकीं पुष्कळांची लय शाबूत असते. त्यांच्या हातीं टाळ द्यावे, पण प्रेमानें द्यावे. तोंड बंद करण्यासाठीं देऊं नयेत.

एकत्र कुटुंबाजवळ या कामीं जें भांडवल आहे, तें कोणत्याही क्लासाजवळ नाहीं. खर्जाचे आजोबा, मधल्या पट्टीची आई, उंच आवाजाचीं मुलें, असें सगळें सप्तक एका छपराखालीं राहतें. आठवड्यांतून एके सायंकाळीं सर्वांनीं मिळून एक गाणें म्हणावें, आणि त्या वेळेपुरता एकच नियम ठेवावा, कीं कोणीही कोणाच्या सुरास हंसावयाचें नाहीं. यांतून मोठे गवई निपजतील असें आम्ही म्हणत नाहीं. गवई होणें हा निराळा योग आहे, व त्यास निराळें तप लागतें. परंतु आरतीच्या वेळीं मागें उभा राहून नुसते ओठ हालविणारा एखादा मुलगा जर घरांत असेल, तर आज सायंकाळीं त्यास जवळ बोलवावें, वाटेल तो सूर लावावयास सांगावें, आणि आपण त्याच्या सुरांत आपला सूर मिळवावा. एवढें आमच्या वाचकांनीं केलें, तरी या लेखाचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.